कंस लावले आणि दार उघडलं

आयटीतल्या बाईला घरात काहीही विचारता येतं, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. प्रिंटर, पॅनकार्ड, गॅसचं बुकिंग, सगळं मी निभावून नेलं. मग पाचवीतल्या भाचीने, ईराने, रोब्लॉक्सवर, म्हणजे मुलं जिथे गेम खेळतात आणि बनवतातही त्या ठिकाणी, स्वतःचा गेम करायला घेतला.

"मावशी, दाराला कोणी हात न लावताच ते उघडतंय."

'हात लागला की हे चालव' असं सांगणाऱ्या कनेक्टच्या कंसात तिने 'दारउघड' हे फंक्शन, म्हणजे नाव दिलेलं सूचनांचं गाठोडं, दिलं होतं आणि त्याच्या शेपटीला रिकाम्या कंसांची आणखी एक जोडी. शोभेला.

"अगं, नुसतं नाव लिहिलं तर कोणतं फंक्शन ते कळतं. पुढे कंस लावलेस की ते तिथल्या तिथे चालतं. इथे हात लागल्यावर चालायला हवंय, म्हणून नुसतं नाव दे."

"पण कंसात तर काहीच नाहीये!"

"काही द्यायचं नसलं तरी 'चल, लाग कामाला' हे सांगावं लागतंच."

"हे कंस शोधून काढले कोणी?"

गणितात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३४ च्या सुमारास, मी म्हटलं. "तो कुठला गेम करत होता?" तिने विचारलं.

मग गेममध्ये लाव्हा आला. त्याच्या फंक्शनला आधी खेळाडू हवा होता, मग किती वजा करायचं तो आकडा, १०. हिने आधी १० दिले. कंसातल्या किमती नाव बघून नव्हे, क्रमाने आत जातात, हे पटवताना माझा चहा निवला. पुढच्या खेपेला तिने १० गाळलेच. रोब्लॉक्सची भाषा लुआऊ, म्हणजे १९९३ साली रिओ द जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेल्या लुआची लेक. या घराण्यात किंमत जास्त दिली तर गुपचूप टाकून देतात, कमी दिली तर गुपचूप 'निल', म्हणजे 'काहीच नाही', धरतात. लग्नात मानपान कमी पडला तर तिथे हसून जेवणाऱ्या आणि पुढच्या बारशाला तोंड उघडणाऱ्या आत्याबाईंचाच हा स्वभाव. तक्रार आली ती खाली, वजाबाकीच्या ओळीवर. आम्ही तासभर बिचाऱ्या वजाबाकीला तपासत बसलो.

"मावशी, मजकूर दाखवणाऱ्या प्रिंटपुढे नुसतं अवतरणात 'नमस्कार' लिहिलं, कंसांशिवाय. चाललं की!"

चालतं. एकच मजकूर द्यायचा असेल तर लुआ तेवढी सूट देते. ही सूट तिच्यापासून लपवायचा माझा विचार होता.

एवढ्यात ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "ईराऽऽ!"

ईरा ढिम्म. "नुसतं नाव घेतलंय. कंस कुठेत?"

ताई लाटणं घेऊनच बाहेर आली. "पोळी, भाजी, धपाटा. क्रम तू सांग."