ज्येष्ठ सिनेरसिक व्हायचंय? आधी मिसळ मागवा

साठी उलटली, पेन्शन सुरू झाली आणि गुडघ्यांनी जॉगिंग ट्रॅकला नकार दिला, की नाशिकच्या सभ्य माणसापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे सोसायटीचं चेअरमनपद आणि दुसरी म्हणजे सिनेमावर मतं. पहिल्या वाटेत पाण्याच्या टाकीचा हिशेब द्यावा लागतो. दुसरीत कुणाला काहीच द्यावं लागत नाही. तेव्हा तुम्ही दुसरीच धरा.

साहित्य फार लागत नाही. रविवारची सकाळ, गंगापूर रोडच्या बाजूचं एखादं मिसळीचं ठिकाण, आपल्याच वयाचे चारजण आणि एक तरुण. तरुण हवाच, भाचा चालेल, जावई असला तर उत्तम. त्याने गेल्या आठवड्यात एखादा सिनेमा बघितलेला असावा आणि तो त्याला आवडलेला असावा. त्याने तोंड उघडलं की आपण जास्तीचा रस्सा मागवायचा, पापड मोडायचा आणि म्हणायचं, “तुमच्या पिढीने सिनेमा बघितलाच कुठे?” जावई असल्यामुळे तो उलट बोलत नाही. अर्धं काम इथेच झालं.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करा. दुसरीकडून केलीत तर तुम्ही पुण्याचे ठराल. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, १९१३ मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’, त्यानंतर बिऱ्हाड घेऊन नाशिकला, १९१८ मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी आणि १९४४ मध्ये इथेच अखेर. एवढं पाठ असलं म्हणजे झालं. “तुम्ही ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिलाय का?” असं कुणी विचारणार नाही, कारण विचारणाऱ्यानेही पाहिलेला नसतो. अख्खा सिनेमा आज शिल्लकच नाही. थोडी रिळं उरलीत, आणि तीही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. मत द्यायला याहून सुरक्षित सिनेमा जगात सापडायचा नाही.

मग लगोलग ‘लंका दहन’ काढा. १९१७ चा. अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या, हे सांगताना आवाज थोडा घोगरा करा आणि तशाच आवाजात म्हणा, “आता काय, सगळं कॉम्प्युटरवर! खरं काही नाहीच.” फाळक्यांचा हनुमान मात्र खराखुरा उडाला होता, असा भाव चेहऱ्यावर ठेवा. फाळके स्वतः ट्रिकचे बादशहा होते, हे बोलायचं नाही. कॅमेरा थांबवून ते माणसं गायब करत. भांडवल उभं करायला त्यांनी वाटाण्याचं बी उगवताना दिवसादिवसाने थोडं थोडं चित्रित केलं आणि काही मिनिटांत रोप वाढताना दाखवलं. हे जावयाला कळलं, तर तो विचारेल की फाळक्यांच्या हाती कॉम्प्युटर लागला असता तर त्यांनी तो रात्री तरी बंद केला असता का. या प्रश्नाला रस्सा मागवूनही उत्तर मिळत नाही.

सरस्वतीबाई फाळक्यांबद्दलही बोला, पण मिसळीच्या टेबलापुरतंच. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून अख्ख्या युनिटच्या जेवणापर्यंत सगळं त्या माउलीने केलं, दागिने दिले ते वेगळेच. घरी हे सांगू नका. घरी सांगितलं की “आणि त्यांच्या यजमानांनी निदान सिनेमा तरी काढला” असं ऐकावं लागतं.

आता थिएटर. जुन्या थिएटरांची आठवण काढताना उसासा टाकणं अनिवार्य आहे. विजयानंदचं नाव निघालं की २१ डिसेंबर १९०९ ची रात्र काढाच: ‘संगीत शारदा’चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन, आणि त्याच्यावर अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्या. सांगायचं असं, की तुम्ही त्या रात्री तिसऱ्या रांगेत होतात असं वाटलं पाहिजे. (आमच्या ओळखीतल्या एका काकांना एवढा सराव झालाय, की ते खुर्चीचा नंबरसुद्धा सांगतात.) स्टॉलमधल्या शिट्ट्या, पडद्यावर उधळलेली चिल्लर, बॅटरी मारत जागा दाखवणारा डोअरकीपर, बाहेर ‘दो का पाँच’ करणारा ब्लॅकवाला, हे सगळं हळवेपणाने आठवा. खुर्चीतले ढेकूण, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला जिना आणि मध्यंतरात नाकाला रुमाल लावून जायची ती जागा, ही मात्र आठवणीतून धुऊन काढा. ढेकूण मेले, आठवण राहिली.

मल्टिप्लेक्सला शिव्या द्यायला तयारी लागत नाही, पॉपकॉर्नचा दर वाचला की त्या आपोआप येतात. तिथे जायचंच झालं तर चिवडा न्यायचा. नाशिकच्या माणसाने चिवड्याशिवाय अंधारात बसणं बरं दिसत नाही. पिशवी सौभाग्यवतींच्या पर्समध्ये, पर्सच्या तळाशी, वर स्वेटर, त्यावर गोळ्यांचा डबा आणि सगळ्यात वर डॉक्टरांची चिठ्ठी. दारावरची मुलगी पर्समध्ये हात घालते, चिठ्ठी बघते, गोळ्या बघते, स्वेटर चाचपते. स्वेटर कुरकुरतो. ती आपल्याकडे बघते, आपण छताकडे. “काका, बाहेरचं खायला आत अलाउड नाही.” अशा वेळी “औषध आहे” म्हणू नका, गेल्या खेपेला एका गृहस्थांनी तसं म्हटलं आणि तिने शांतपणे विचारलं, “शेंगदाणे घातलेलं?” त्यापेक्षा पिशवी काउंटरवर ठेवा, आत जा आणि तीन तास चिवड्याचा विचार करा. नंतर सिनेमाला नावं ठेवायला जो मूड लागतो, तो यातून फुकट मिळतो.

‘शोले’बद्दल एक पथ्य. १५ ऑगस्ट १९७५ ला तो तुम्ही पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, तोही मुंबईच्या मिनर्व्हात पाहिलात. यात तडजोड नाही. नाशिकमधल्या पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाने तो तसाच पाहिलाय. हिशेब केला तर त्या दिवशी नाशिकरोडपासून कसाऱ्यापर्यंत गाडीच्या टपावरही जागा नसणार. आणि ‘शोले’ सुरुवातीला थंड गेला होता, धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला म्हणून सांगून टाकलं होतं, ही गोष्ट विसरा. एवढे सगळे पहिल्या दिवशी गेले होते तर पडला कसा, असं कुणीतरी विचारायचं.

नकलेच्या बाबतीत धोरण स्वच्छ ठेवा: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आजच्या दिग्दर्शकाने बाहेरून गोष्ट उचलली तर ती चोरी. आपल्या तरुणपणी उचलली असेल तर ती प्रेरणा. शांतारामबापूंचा १९७२ चा ‘पिंजरा’ हा अस्सल मातीतला, लाल मातीतला, ढोलकीच्या थापेतला. त्याचं मूळ १९३० च्या जर्मन ‘द ब्लू एंजल’मध्ये आहे, हा तपशील मातीत जाऊ द्या. ‘शोले’वर जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराय’ची छाया आहे, ती छाया म्हणजे संस्कार. एका खोलीत बारा माणसांना बसवणारा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ १९५७ चा आणि आपला ‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ चा. त्याला रूपांतर म्हणतात. २०१० नंतर असं कुणी केलं तर मात्र भर टेबलावर “कल्पनेचा दुष्काळ” म्हणा. मला विचाराल तर ‘पिंजरा’तले डॉक्टर लागू आणि निळू फुले समोरासमोर आले, की जर्मनी आठवायला सवडच मिळत नाही. पण माझं ऐकू नका, मी तो पुन्हा पाहिलाय.

नटांचंही असंच. १९४८ चा इटालियन ‘बायसिकल थिव्ह्ज’ निघाला की त्यातला बाप हा खराखुरा कारखान्यातला कामगार होता, कधी अभिनय न केलेला माणूस, हे भक्तिभावाने सांगा. “काय तो अस्सलपणा!” मग दोन घास खाऊन ‘सैराट’वर या. २०१६ चा, नागराज मंजुळे. नाक मुरडा. “ती पोरं काही नट नाहीत हो, गावातून उचलून आणलीत.” दोन वाक्यांमध्ये दह्याची वाटी जवळ ओढा, म्हणजे जोड दिसत नाही. रिंकू राजगुरूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली होती, हे जावई सांगू लागला तर म्हणा, “हल्ली पुरस्कारसुद्धा…” आणि वाक्य अर्धवट सोडा. अर्धवट सोडलेल्या वाक्याला पुरावा लागत नाही.

सिनेमा संथ असेल तर आधी त्याचं साल बघा. सत्यजित रे यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ चा. तो संथ नाही, त्याला लय आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ त्यानंतर साठेक वर्षांनी आला. तो संथ आहे, कॅमेरा लावून मंडळी चहाला गेली होती. रे बघताना तुम्हाला डुलकी लागली होती ती तंद्री. ‘कोर्ट’ बघताना लागली ती दिग्दर्शकाची चूक. ‘सिंहासन’ला तर काहीच कष्ट नाहीत. १९७९ चा, जब्बार पटेल, एवढं म्हणून पेपर घडी करायचा आणि बोलायचं, “आजही तसंच आहे.” महाराष्ट्रात हे वाक्य कुठल्याही तारखेला चालतं.

दादा कोंडक्यांचा प्रसंग जरा नाजूक. त्यांच्या लागोपाठच्या नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले, गिनीज बुकात नोंद झाली. नाशिकमध्ये तुमच्या वयाच्या एकाही सभ्य माणसाने ते पाहिलेले नाहीत. पंचवीस-पंचवीस आठवडे थिएटरं भरली कुणी, हे शहराच्या इतिहासातलं न उलगडलेलं कोडं आहे. तुम्हीही पाहिले नाहीत. “मित्राबरोबर गेलो होतो” एवढंच म्हणा. पण टेबलावर कुणी ‘सोंगाड्या’तलं नुसतं अर्धं वाक्य टाकलं, की पुढचं अर्धं तोंडातून येऊ द्यायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायला फार मोठा संयम लागतो. आमचे एक स्नेही, आयुष्यभर कीर्तनाला जाणारे, या परीक्षेत साफ नापास झाले आणि गाण्याचं दुसरं कडवंही म्हणून मोकळे झाले. तेव्हापासून ते रविवारी येत नाहीत, चतुर्थी सांगतात.

वेळ पाळण्याबद्दल. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’ लावला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता. “याला म्हणतात शिस्त!” हे वाक्य शक्यतो पंधरा मिनिटं उशिरा पोचल्यावर, अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत म्हणा. बसल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला विचारा, “आत्तापर्यंत काय झालं?” तो सांगेल. नाशिकची माणसं अजून तेवढी बिघडली नाहीत.

आणि निघताना पार्किंगची गर्दी टाळायला शेवटची पाच मिनिटं सोडून उठा. शेवट काय असायचा तो असतो. अडचण एवढीच, की काही लोकांना शेवटी काहीतरी करायची खोड असते. १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त शेवटी दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. ‘फँड्री’मध्ये जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो आपल्याच अंगावर येतो. तुम्ही तेव्हा तळघरात स्कूटर काढत असता. दगड चुकवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. रविवारी बेलाशक सांगा, “फँड्री ठीक होता, पण शेवटी काही घडतच नाही.” जावई आ वासून बघेल. बघू द्या.

इथपर्यंत सगळं जमलं, तर आता धोका एकच राहतो. जावई तसा गुणी असतो. तुम्ही तीनदा ‘सेव्हन सामुराय’ म्हणालात, हे तो लक्षात ठेवतो. वाढदिवसाच्या संध्याकाळी घरी येतो, मोठ्या टीव्हीला काहीतरी जोडतो आणि म्हणतो, “बाबा, तुमच्यासाठी. आज सगळे मिळून बघू.” तीन तास सत्तावीस मिनिटं. जपानी. मुलगी कौतुकाने बघतेय, सौभाग्यवती डोळे बारीक करून बघताहेत, आणि नात विचारतेय, “आजोबा, यातले सात कुठले?” पहिल्या अर्ध्या तासात बोट दाखवू नका, तोवर सातजण जमलेलेच नसतात. पाऊस आला की मान डोलवा. कुणी तलवार उपसली की “आता बघा” म्हणा, काहीतरी होतंच. चुकून सिनेमा आवडायला लागला, तर लगेच उठून पाणी प्या. एकदा बघायची सवय लागली की मतं द्यायला वेळ उरत नाही. त्यात मध्यंतर आहे, कुरोसावांनी स्वतः ठेवलेलं. तेवढ्यात चपला घाला आणि दूध संपलंय म्हणून सांगा. फ्रीज कुणी उघडायच्या आत मात्र जिना उतरलेला बरा.