पुन्हा तेच, 'लवकरच येईल'

माझ्या मॉडेल रेल्वेगाडीचे चारपैकी तीन डबे किटमधून जोडून झाले. चौथा, गार्डचा ब्रेकचा डबा, नाही म्हणजे नाहीच! ग्रेट वेस्टर्न या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीचे क्लेरस्टरी डबे, छतावर मधोमध खिडक्यांचा उंचवटा असलेले, इतके देखणे की नजर हटत नाही. 1 फुटाला 4 मिमी या प्रमाणातलं ते किट आता बंद. तीन वर्षं किटवाल्यांना विचारतोय, उत्तर एकच, 'लवकरच येईल'. कधी?

प्लॅस्टिकच्या किटचा पोलादी साचा झिजला तर नवा करणं महाग पडतं, हे मला कळतं. पण हे किट पितळी पत्र्याचं, आणि तो पत्रा तर आराखड्याच्या फिल्मवरून रसायनाने कोरतात! फिल्म शाबूत असेल तर मोजके पत्रेही पुन्हा काढता येतात. इंग्लंडात ही किटं बरीचशी एकट्यादुकट्या माणसाच्या छोट्या धंद्यातून आली. तो थकला, धंदा दुसऱ्याने घेतला आणि फिल्म कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडली. अरे, घेतलात ना धंदा? मग काढा की पत्रे! नसेल जमत तर जमणाऱ्याला द्या.

लिलावात तेच किट दुप्पट किमतीला, चाकं वेगळी घ्यायची. परवा एक मिळालं, पुण्यापर्यंतचं टपाल भरलं. उघडतो तर बफरची (डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांची) पुडी गायब, एक बाजू वाकलेली, आणि डबा ब्रेकचा नव्हेच, साधा थर्ड क्लासचा. तीन थर्ड क्लास आहेत हो माझ्याकडे!