दालचिनीनं कोलेस्टेरॉलची गोळी सुटत नाही

‘डायबेटिस असेल तर रोज दालचिनी, लसूण, हळद घ्या. चाळीस दिवसांत कोलेस्टेरॉल उतरेल, स्टॅटिन बंद करा. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. मेसेजमधला एकेक दावा पाहू.

चाळीस दिवस हा आकडा अगदीच हवेतला नाही. 2003 मध्ये पाकिस्तानात 60 मधुमेहींवर एक प्रयोग झाला. रोज 1, 3 किंवा 6 ग्रॅम दालचिनी, चाळीस दिवस. साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), सगळंच उतरलं. मेसेजमधली गोष्ट इथंच संपते. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सातत्यानं दिसला नाही. मग 2022 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी थेट सामनाच लावला: एकीकडे रोझुव्हास्टॅटिन या स्टॅटिनची 5 मिलिग्रॅमची गोळी, दुसरीकडे फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतली कोलेस्टेरॉलसारखी द्रव्यं) आणि रेड यीस्ट राइस (लाल बुरशीनं आंबवलेला तांदूळ). 28 दिवसांत गोळीनं एलडीएल सुमारे 38 टक्के उतरवलं. बाकी सहांपैकी एकालाही प्लासिबोवर (औषध नसलेल्या नकली गोळीवर) ठळक मात करता आली नाही. लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं. हा प्रयोग खास मधुमेहींवर नव्हता आणि 28 दिवस कमी आहेत, हे आक्षेप मान्य. पण मेसेजचा वायदा तरी कुठे वर्षभराचा आहे?

‘साइड इफेक्ट शून्य’ हे त्याहून घातक. किराणा दुकानात सुटी मिळते ती जाड, टणक, एकाच थराची साल बहुतेक वेळा कॅसिया या जातीच्या दालचिनीची असते. तिच्यात कूमरिन हे द्रव्य भरपूर असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. सिलोन दालचिनीत ते नगण्य. तिची कांडी पापुद्र्यांची असते, बोटांनी चुरडते. भाजीत, मसालेभातात पडते तेवढ्या दालचिनीबद्दल हे नाही. रोज चमचा-चमचा पूड फाकणाऱ्यांबद्दल आहे. आमटीतली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल वेगळी. मिरीतल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन कित्येक पट जास्त शोषलं जातं आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीचंही तेच. कोविडकाळात काढे पिऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये छापली. त्यावर वादही झाला.

आणि ‘नैसर्गिक विरुद्ध केमिकल’ हे भांडणच पोकळ आहे. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्डो यांना 1970 च्या दशकात बुरशीत सापडलं. रेड यीस्ट राइसमधलं मोनॅकोलिन के म्हणजे तर लोव्हास्टॅटिनच, फक्त डब्यागणिक मात्रा वेगळी.

मेसेजचा पुढचा भाग असा, की साखरेमुळे शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा ताण) वाढतो, म्हणून अँटीऑक्सिडंट कॅप्सूल घ्या. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याची परीक्षा ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत झाली. 20 हजारांवर लोक, त्यात जवळपास 6 हजार मधुमेही, पाच वर्षं ई, सी जीवनसत्त्वं आणि बीटा कॅरोटीन. रक्तातली पातळी वाढली, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. त्याच अभ्यासात सिम्व्हास्टॅटिननं मात्र हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशानं घटवल्या.

स्टॅटिननं साखर वाढते? वाढते, थोडी. 255 जणांनी चार वर्षं घेतलं तर त्यांच्यात मधुमेहाचा एक रुग्ण जास्तीचा, असा हिशोब 2010 मध्ये निघाला. पण ज्यांना तो आधीच आहे त्यांच्यासाठी 2004 चा कार्ड्‌स अभ्यास बघा: 10 मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन, हृदयविकार-स्ट्रोकच्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी.

घरगुती गोष्टींत दम असलेल्याही आहेत, पण त्या मेसेजमधल्या मसाल्यांत नाहीत, विरघळणाऱ्या तंतूंत आहेत. इसबगोल रोज 10 ग्रॅमच्या आसपास घेतला तर एलडीएल काही टक्के उतरतं. मेथीदाण्यानं साखर थोडी उतरते. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. इसबगोल भरपूर पाण्यात, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब, कारण तो औषधाचं शोषण अडवू शकतो.