‘एक्सेलमध्ये काढून ठेवा, झालं’ : प्रोजेक्ट ऑनलाइनबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ठेकेदारांच्या आणि साइट इंजिनिअरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की मायक्रोसॉफ्टचं प्रोजेक्ट ऑनलाइन (कामांची वेळापत्रकं इंटरनेटवर ठेवायची सेवा) बंद होतंय म्हणून घाबरायचं कारण नाही, नुसतं नाव बदलून ते प्लॅनर (मायक्रोसॉफ्टचंच कामांच्या नियोजनाचं ॲप) झालंय. तरी धाकधूक वाटत असेल तर सगळी कामं एक्सेलमध्ये काढून ठेवा, दोन दिवसांचं काम आहे. संपलेल्या कामांचं काही ठेवू नका. आणि हे सगळं सप्टेंबरात केलं तरी चालेल.

पूल, रस्ते आणि उपसा सिंचनाच्या कामांचे बार चार्ट (कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे पट्ट्यांनी दाखवणारे तक्ते) बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या मेसेजप्रमाणे कुणी वागलं तर त्याचं नुकसान होईल, आणि ते आज दिसणार नाही. दोन वर्षांनी मुदतवाढीच्या फायलीवर शेरा येईल तेव्हा दिसेल. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नुसतं नाव बदललंय.’ हा गैरसमज कुठून आला ते समजतं. मायक्रोसॉफ्टने मध्यंतरी प्लॅनची नावं बदलली आणि त्यात ‘प्लॅनर’ हा शब्द घातला. पण प्रोजेक्ट ऑनलाइन ही वेगळी सेवा आहे. ती 30 सप्टेंबर 2026 ला बंद होणार हे कंपनीने 2025 च्या सप्टेंबरमध्येच जाहीर केलं आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या ग्राहकांना ती देणं थांबवलं. आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं डेस्कटॉप प्रोजेक्ट मात्र बंद होत नाही, हेही नीट सांगायला हवं, कारण काही जण उलट्या बाजूने घाबरलेत. बंद होतंय ते ऑनलाइनचं कोठार : सगळ्या साइट्सची कामं, मजूर-मशिनरीची सामाईक यादी, टाइमशीट आणि मंजुऱ्या जिथे एकत्र राहतात ते. ते आपोआप प्लॅनरमध्ये जाऊन बसत नाही. न्यावं लागतं, आणि काय न्यायचं ते आपणच ठरवायचं असतं. स्वतःच्या सर्व्हरवर जुनं प्रोजेक्ट सर्व्हर टाकू म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की 2016 आणि 2019 या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट 14 जुलै 2026 ला संपतोय.

‘एक्सेलमध्ये काढून ठेवा.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होईल.

बार चार्टमधली तारीख कुणी हाताने लिहिलेली नसते. आधीचं काम कधी संपतं, गँग किती, त्या साइटचं कॅलेंडर कोणतं, यांवरून ती निघते. एक्सेलमध्ये उतरते ती फक्त निघालेली तारीख. दोन कामांमधली लिंक ‘12 एफएस + 5 दिवस’ (12 नंबरचं काम संपल्यावर 5 दिवसांनी हे सुरू) अशी अक्षरं होऊन एका रकान्यात बसते. पुढे वरची तारीख बदलली तरी खालची जागची हलत नाही.

समजा, पुलाच्या जागेवरची वीजवाहिनी हलवायला 70 दिवस उशीर झाला आणि पायलिंग (पायासाठी जमिनीत खांब उतरवण्याचं काम) त्यावर अडकलं होतं. पायलिंगला मुळात 20 दिवसांचा फ्लोट (शेवटची तारीख न हलता काम जेवढं लांबू शकतं ती सवड) असेल, तर काम पूर्ण व्हायची तारीख 50 दिवसांनी सरकते आणि आपली न्याय्य मागणी 50 दिवसांची असते. हा 50 चा आकडा लिंक आणि फ्लोटमधून येतो. एक्सेलच्या तक्त्यावरून 70 मागाल तर समोरचा फ्लोट दाखवून मागणीच खोडून काढेल, आणि 50 मागाल तर ते कुठून आले हे दाखवता येणार नाही. हिंडरन्स रजिस्टरमध्ये (साइटवरच्या अडथळ्यांच्या नोंदवहीत) उशिराची नोंद असते, तो उशीर शेवटच्या तारखेपर्यंत कसा पोचला हे रजिस्टर सांगत नाही.

बेसलाइनचंही (मूळ ठरलेल्या तारखांची जपून ठेवलेली नोंद) तसंच. प्रोजेक्टमध्ये एका कामाला 11 बेसलाइन ठेवता येतात. आपण मंजूर कार्यक्रमाची पहिली ठेवतो आणि प्रत्येक मुदतवाढीनंतर नवी. एक्सेलमध्ये काढताना जेवढे रकाने निवडाल तेवढेच येतात, आणि घाईत माणूस एकच बेसलाइन निवडतो.

त्यातही आपल्या भागासाठी मला सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं ते कॅलेंडर. टेंडरमध्ये मुदत ‘पावसाळा धरून’ आहे की ‘पावसाळा वगळून’ यावरून सगळा हिशेब बदलतो. ज्या गावी साइट, त्या गावच्या आठवडी बाजाराला काम थांबतं. सकाळी मुकादम फोनवर फक्त ‘आज बाजार शे’ एवढंच म्हणतो आणि तो दिवस गेला असं समजायचं. सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल मजूर होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारांना गावी निघतात. शिरपूर, चोपडा, धडगावकडच्या मजुरांवर चाललेली साइट त्या आठवड्यात रिकामी असते, आणि ती रिकामी असणारच हे कार्यक्रमात आधीपासून धरलेलं असावं लागतं. आम्ही हे दिवस वर्षानुवर्षं कॅलेंडरमध्ये भरत आलो. एक्सेलमध्ये कॅलेंडर उतरत नाही. म्हणजे पुढे कुणी विचारलं की या सहा दिवसांत काम का दिसत नाही, तर उत्तर द्यायला कागद नाही.

शाळेच्या दोन खोल्या, गावातली गटार, पाचपन्नास ओळींचं काम असेल तर खुशाल एक्सेलमध्ये ठेवा, मीही ठेवतो. माझा आक्षेप मोठ्या आणि रेंगाळलेल्या कामांपुरता आहे.

‘संपलेल्या कामांचं काही ठेवू नका.’ एका पुलाचं काम पूर्ण होऊन दोन वर्षं झाल्यावर आमच्याकडे एका कार्यालयाने महिनावार कार्यक्रम मागितला. आमच्याकडे शेवटची फाइल होती. त्या फाइलमध्ये प्रत्यक्ष तारखा भरलेल्या, म्हणजे सगळं कसं संपलं ते दिसत होतं. पण अमुक महिन्यात आम्ही कुठे अडकलो होतो आणि त्या दिवशी पुढचा अंदाज काय होता, हे त्यातून निघेना. शेवटची फाइल आधीच्या महिन्यांवर लिहून मोकळी झालेली असते. तेव्हापासून मी दर महिन्याच्या अपडेटची वेगळी प्रत ठेवतो, आणि ऑनलाइनवर अशा प्रती असतील तर आधी त्या उतरवा असं सगळ्यांना सांगतो.

कराराच्या पैशांच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवावी लागतात. अंतिम बिल निघालं, अनामत परत आली, दोषदायित्वाचा (दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा) काळ संपला, असं काम असेल तर एक प्रोजेक्ट फाइल आणि पीडीएफ पुरे. यातलं एकही बाकी असेल तर ते काम संपलं असं धरू नका.

प्रोजेक्टची फाइल उतरवली म्हणजे सगळं उतरलं, असंही नाही. टाइमशीट आणि त्यावरच्या मंजुऱ्या त्या फाइलमध्ये नसतात, त्या ओडेटातून (ऑनलाइनवरचा डेटा बाहेर काढायची सोय) वेगळ्या काढाव्या लागतात. जोखमी, अडचणी आणि कागदपत्रं शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं ठेवायची साइट) याद्यांमध्ये असतात. आणि वाद कोर्टापर्यंत गेलाच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून निघणारा, तिच्यात काहीही बदललं तर बदलणारा कोड) लिहायचं असतं. ते मूल्य प्रत घेतली त्याच दिवशी काढून, तारखेसह लिहून ठेवा. सेवा बंद झाल्यावर मूळ नोंदीशी ताडून बघायची सोय राहणार नाही.

‘सप्टेंबरात बघू.’ 2026 मध्ये 14 सप्टेंबरला गणपती बसतात, 25 ला अनंत चतुर्दशी. उरतात पाच दिवस, आणि तेव्हाच पावसाळ्यानंतर साइट उभी करायची धावपळ सुरू झालेली असते. याउलट जून ते ऑगस्टमध्ये मातीकाम मंदावतं, बिलांची मार्चची गर्दी सरलेली असते, ऑफिसातल्या माणसाला बसायला वेळ असतो. जूनमध्ये एक चालू काम निवडा. जुलै आणि ऑगस्टचा अपडेट जुन्या आणि नव्या दोन्हीकडे भरा. दोन्हीकडच्या तारखा जुळल्या तरच बाकीची कामं हलवा.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही फाइल उघडते’ अशी पुस्ती काही जणांनी मेसेजला जोडली आहे. प्रोजेक्ट लिब्रेमध्ये एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाइल उघडते, हे खरं. पण तारखांचं गणित ते स्वतःच्या पद्धतीने करतं आणि परत एमपीपीमध्ये साठवत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडली एवढ्यावर समाधान मानू नका. काम पूर्ण व्हायची तारीख, एकूण कामांची संख्या, त्यातली क्रिटिकल (फ्लोट नसलेली) किती, पाच मोठ्या कामांचा फ्लोट आणि प्रत्येक बेसलाइनची शेवटची तारीख, एवढं दोन्ही स्क्रीनवर शेजारी ठेवून वाचा.

आम्ही पहिलं काम असंच एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवून पाहिलं तेव्हा ओळी सगळ्या आल्या, लिंक आल्या, पण शेवटची तारीख पुढे गेलेली. दोन दिवस लिंकच तपासत बसलो. चूक कॅलेंडरमध्ये होती. आमच्या साइटचा दिवस 9 तासांचा, नव्या ठिकाणी तो 8 तासांचा धरला गेला होता. कालावधी आतून मिनिटांत साठवलेला असतो, त्यामुळे 10 दिवसांचं प्रत्येक काम सव्वाअकरा दिवसांचं झालं होतं. कॅलेंडर हाताने दुरुस्त केलं, बाजाराचे वार भरले, भोंगऱ्याचा आठवडा भरला, आणि तारीख जुन्या तारखेवर येऊन बसली.