‘मास्टर केलेलं गाणं बारीक वाजतं’ या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दीड हजार रुपये पाण्यात गेले, मास्टर केलेलं (म्हणजे मिक्स झाल्यावर शेवटचा हात फिरवलेलं) गाणं तुमच्या घरच्या एक्सपोर्टपेक्षाही, म्हणजे तुम्ही घरी काढलेल्या फाइलपेक्षाही, बारीक वाजतं, आणि ‘स्टुडिओ कसला, घरातली खोली आहे’. रिलीजच्या तोंडावर तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी.

खोली घरातलीच आहे. बोर्डावरही ‘होम स्टुडिओ’ असंच लिहिलंय. कोपऱ्यात तुम्हाला ज्या गाद्या दिसल्या ते रॉकवूलचे बेस ट्रॅप आहेत, म्हणजे खोलीतला घुमणारा बेस शोषणारे जाड पॅनेल, कापड आईने शिवलंय म्हणून तसे वाटले असतील. असो. पैशांवरूनही वाद घालत नाही. पण आवाजाबद्दल जे लिहिलंत ते सगळ्यांसमोर लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

पहिली फाइल तुम्ही व्हॉट्सॲपवर एमपी३ पाठवलीत. वेव्ह, म्हणजे काही न गाळलेली फाइल, मागितली आणि मास्टर बसवरचा (अख्ख्या गाण्यावर लावलेला) लिमिटर काढा म्हणून सांगितलं; लिमिटर म्हणजे मोठे ठोके दाबून गाणं मोठं करणारं प्लगइन. दुसरी आली ती वेव्ह होती, पण लिमिटर तसाच; मीटरवर उणे ७ एलयूएफएस (हे लाउडनेसचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं गाणं मोठं). लिमिटर काढलेली फाइल मिळाली रिलीजच्या आदल्या रात्री, साडेअकराला. ती रात्रीच करून दिली, हे रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

आमचा मास्टर उणे १० ला आहे. घरच्या प्लेअरमध्ये दोन्ही फाइली लागोपाठ लावल्या तर तुमची ३ डीबीने मोठी वाजणारच, आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. माझ्याही कानाला वाटतं, म्हणून मी आधी दोन्हींची लेव्हल सारखी करतो आणि मगच ऐकतो. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी साधारण उणे १४ वर आणून वाजवतं. तिथे तुमचा एक्सपोर्ट ७ डीबी खाली ओढला गेला असता, आमचा ४ डीबी. म्हणजे दोन्ही एकाच जागी. फरक इतकाच की तुमच्या एक्सपोर्टमध्ये ताशाच्या काडीचा ठोका लिमिटरने आधीच चेपलेला होता.

मग इतर गाण्यांपेक्षा बारीक का? तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत. त्या स्पीकरमधून खालचा बेस जवळजवळ येतच नाही, पण लाउडनेसच्या मोजणीत तो धरला जातो. बेस जास्त असला की अख्खं गाणं खाली ओढलं जातं, आणि मोबाइलवर उरतो तो बारीक आवाज.

तो बेस मिक्समध्येच होता. तुमची खोली दहा बाय दहा, असं तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. दहा फुटांत पहिली स्टँडिंग वेव्ह (भिंतींमध्ये आपटून एकाच जागी अडकलेली आवाजाची लाट) ५६ हर्ट्झच्या आसपास बनते, खोली चौरस असल्याने दोन्ही बाजूंनी तीच, आणि मधोमध बसलं की नेमका तोच बेस ऐकू येत नाही. मग माणूस बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करतो. यात तुमचा दोष नाही, घरी मिक्स करणाऱ्या बहुतेकांचं हे होतं. तुमच्या फाइलमध्ये तिथेच डोंगर होता. मी तो कापला, तेवढ्यात तुमचा मेसेज आला, ‘ढोलकीचा घुमारा कमी करू नका’, म्हणून तो तसाच ठेवावा लागला. मास्टरिंगला हातात दोनच ट्रॅक असतात, डावा आणि उजवा. किकचा (ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा) बेस काढून ढोलकीचा ठेवायचा, हे मिक्समध्ये होतं, माझ्याकडे नाही. मेसेज अजून फोनमध्ये आहे.

राग मानू नका, पण गणपतीच्या आधीच आमच्याकडे काम येतं, आणि नवीन माणूस आधी हे रिव्ह्यू वाचतो. काल एकाने तुमचाच रिव्ह्यू दाखवून बुकिंग रद्द केलं.

यापुढे फाइल घेतानाच सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलंय, बाकीही काही सुधारणा चालू आहेत. तुम्ही किक आणि बेस ३-४ डीबी खाली घेऊन, जमल्यास हेडफोनवर एकदा तपासून, २४ बिट वेव्ह पाठवा. मास्टर पुन्हा करून देतो, पैसे नकोत. समोर बसून ऐकायचं असेल तर या, फक्त गुरुवार सोडून. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते.