ड्युटीचा हुकूम देता, तर जिवाची जबाबदारीही घ्या

नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांचं प्रकरण वाचून मन अस्वस्थ झालं, म्हणून लिहितोय.

३१ मार्च २०२० ला महापालिकेने नोटीस काढली. दवाखाने उघडे ठेवा, नाही तर गुन्हा दाखल होईल. डॉक्टरांनी दवाखाना चालू ठेवला आणि जूनमध्ये कोविडने गेले. पत्नीने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या ५० लाखांच्या सरकारी विम्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की त्यांची सेवा सरकारने मागितलीच नव्हती! २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या काळातले कायदे आणि आदेश म्हणजेच सरकारने डॉक्टरांची सेवा मागणं होतं. एवढं समजायला साडेपाच वर्षं लागली. तरीही मृत्यू कोविडचं काम करतानाच ओढवला, हे प्रत्येक कुटुंबाने पुराव्यानिशी दाखवायचंच आहे. घरचा माणूस गेलेल्यांनी आता ओपीडीचे कागद शोधत फिरायचं का?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला कामावर यायचा हुकूम देता, त्याच्या जिवाची हमी त्याच हुकमात, पहिल्याच दिवशी लिहून द्या. मग तो सरकारी असो, खासगी असो की कंत्राटी.

आणि विमा ही फार नंतरची गोष्ट. माणूस जगावा यासाठी काय लागतं, हे माझ्या मोठ्या बहिणीकडून रोज ऐकत होतो. ती सिस्टर आहे. एन-९५ मास्क नाकागालांवर घट्ट बसला नाही, तर कडेने हवा आत येते, मग तो असून नसल्यासारखाच. एकाच मापाचा मास्क सगळ्यांच्या चेहऱ्याला बसत नाही. विषाणू हवेतून पसरतो, म्हणजे वॉर्डमधली हवा सतत बदलती राहिली पाहिजे. पीपीई किट चढवल्यावर पाणी नाही, बाथरूम नाही, आत घामाच्या धारा. थकलेल्या माणसाचा हात किट उतरवताना चुकतो आणि संसर्ग तिथेच होतो. म्हणून ड्युटीचे तास कमी ठेवणं हाही संरक्षणाचाच भाग आहे. त्यासाठी माणसं भरावी लागतात, आणि ती भरती साथ नसतानाच करावी लागते.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सरकारने सांगितलं, किती आरोग्य कर्मचारी गेले याची केंद्राकडे आकडेवारी नाही. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. ती फक्त डॉक्टरांची. वॉर्डातल्या मावशी, सफाई कामगार, शववाहिनीचे चालक यांची यादी कुणी केली? जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,५०० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मोजणीच अंदाजावर आहे, याचा मला राग येतो.

आपल्या आशाताई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी घरोघर फिरल्या. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे राज्याने कोविड भत्ता दिला, महिना ५०० रुपये. साथीच्या तोंडावर उभं राहण्याचे पाचशे रुपये!

तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आज एन-९५ चा साठा किती आहे, कंत्राटी सिस्टरांना विमा आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मी आमच्या तालुक्यासाठी अर्ज करतोय. मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.