आठ वाजून आठ मिनिटं

चार आकडी सेव्हन सेगमेंट (सात दिव्यांच्या दांड्यांनी आकडा दाखवणारं) घड्याळ करायला घेतलं की महागड्या वस्तू पटापट ठरतात. मायक्रोकंट्रोलर, क्रिस्टल, डिस्प्ले, सगळं अर्ध्या तासात. अडतं ते चारी आकडे आळीपाळीने पटापट चालू-बंद करणाऱ्या, चिल्लर भावाच्या चार ट्रान्झिस्टरांपाशी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याचा पासोड्या विठोबा, काउंटरमागचे काका म्हणणार, "५४७ घ्या, सगळीकडे चालतो." काका खोटं बोलत नाहीत. बीसी ५४७ खरंच चालतो. फक्त आठ वाजेपर्यंत. कॉमन कॅथोड डिस्प्लेत (सगळ्या सेगमेंटांचं ऋण टोक एकत्र) एका आकड्याचा सगळा करंट एकाच ट्रान्झिस्टरमधून जातो. सेगमेंटला १५ मिलिअँप धरा. '१' ला दोनच सेगमेंट, म्हणजे ३०. एक वाजून अकरा मिनिटांनी कोणताही ट्रान्झिस्टर देवमाणूस असतो. '८' पेटला, वर टिंबही पेटलं, की आठ गुणिले पंधरा, १२०. आणि ५४७ ची कमाल मर्यादा १००! म्हणून माझं मत बीसी ३३७ ला: ८०० मिलिअँप, पायांचा क्रमही ५४७ चाच.

तरी '८' मंदच दिसतो? मग बेसचा, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या पायाचा, रेझिस्टर बघा. तिथे १० के (किलोओहम) लावायची आपल्याकडे वडिलोपार्जित रीत आहे. ५ व्होल्टला त्यातून अर्धा मिलिअँपसुद्धा जात नाही. ट्रान्झिस्टर स्विच म्हणून पूर्ण उघडायचा तर बेसला कलेक्टरच्या, म्हणजे डिस्प्लेकडच्या पायाच्या, करंटचा दहावा हिस्सा, म्हणजे १२ मिलिअँप द्यावेत. ३३० ओहम लावा. सेगमेंटचे १८० ओहमचे रेझिस्टर मात्र प्रत्येक सेगमेंटला वेगळे. आठांत एकच लावून काटकसर केली की '१' डोळे दिपवतो आणि '८' आजारी दिसतो.

आता पाय. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: बीसी ३३७ चा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. टूएन ३९०४ चा नेमका उलटा. पीएन२२२२ए हाही एमिटरपासून सुरू होतो, आणि पी२एन२२२२ए कलेक्टरपासून. 'पी'नंतर एक '२' घुसला की पायांची अदलाबदल! वाईट म्हणजे, ५ व्होल्टला उलटा लावलेला ट्रान्झिस्टर बहुधा मरतही नाही. गेन (करंट वाढवायची पट) अगदीच घसरतो आणि तो कुंथत कुंथत चालतो; आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी घालून पाहावा. दोन-तीनशे दिसले तर सुलटा, दहा-वीसच्या घरात रेंगाळला तर उलटा.

कॉमन अॅनोड डिस्प्ले (धन टोक एकत्र) घेतलात तर उलट जातीचा, पीएनपी ट्रान्झिस्टर लागेल, बीसी ३२७. तो कंट्रोलरची पिन लो (शून्य व्होल्ट) केल्यावर चालू होतो. एमिटर ५ व्होल्टला आणि कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल, तर पिन हाय करूनही बेसवर १.७ व्होल्टचा फरक उरतो, आणि आकडा विझायचं नाव घेत नाही. तिथे बेस ओढायला मध्ये एक एनपीएन (३३७ च्या जातीचा) घालावाच लागतो.

शेजारच्या आकड्याची भुताटकी सावली दिसली तर ट्रान्झिस्टर बदलू नका. आकडा बदलताना सगळं शंभर मायक्रोसेकंद बंद ठेवा, ट्रान्झिस्टरला मिटायला थोडा वेळ लागतो.

आणि जोडणी झाल्यावर आधी वेळ लावायची नाही. चारी आकडे आणि चारी टिंबं पेटवून, ८.८.८.८. असं तासभर ठेवायचं, अधूनमधून ट्रान्झिस्टरला बोट लावून पाहायचं. घरातलं कुणीतरी येऊन विचारतंच, "हे किती वाजले म्हणायचे?"